लाकूड फुगलं होतं

जालन्यात मी ज्या घरात भाड्यानं राहत होतो, त्या घरात डगडगणारी वस्तू एकही नव्हती. पाट, चौरंग, बाज, फडताळाची दारं, सगळं जागच्या जागी बसलेलं. घरमालकांना डगडगणं सहनच होत नसे. कुणाकडे जेवायला गेले तरी बसण्याआधी ते दोन्ही हातांनी पाट दाबून बघत, आणि हलला तर खिशातून कागदाची घडी काढून त्याच्या पायाखाली सारत. एकदा एका लग्नात त्यांनी नवरदेवाचा चौरंग असाच सारखा केला. मुहूर्त जवळ आलेला, अक्षता वाटून झालेल्या, भटजी घशाशी मंगलाष्टक आणून थांबलेले, आणि हे खाली वाकून म्हणत होते, "जरा थांबा. एक पाय अधांतरी आहे."

मला खोली देताना त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "मास्तर, दार ढकलून लावता की ओढून?"

मी गोंधळून म्हणालो, "हळू लावतो."

"मग राहा," ते म्हणाले.

निजामाच्या राज्यात ते गिर्दावर होते. गावोगाव फिरून पटवाऱ्यांची कामं तपासायची, ही त्यांची नोकरी. मी गेलो तेव्हा ते पेन्शनीत निघाले होते. तोंडावर सगळे त्यांना गिर्दावरसाहेब म्हणत आणि पाठीमागे घासेसाहेब. हे दुसरं नाव त्यांना बंदुकीमुळे पडलं होतं.

जालन्याची छावणी उठली तेव्हा कुणा गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांच्या वडिलांनी ही रायफल घेतली होती. एकनळी, एका वेळी एकच काडतूस घेणारी. तिचा खांद्याला टेकवायचा दस्ता वेगळा, आणि नळीखाली डावा हात जिथे धरतो ते लाकूडही वेगळं. आडवी खीळ काढली की ते लाकूड हातात येई. माझ्या मालकांचं सगळं चित्त त्या हातभर लाकडात होतं.

सकाळी चहा झाला की ते ओसरीवर घोंगडी अंथरून बसत. दिव्यावर धरलेलं काजळ तेलात कालवून नळीला बोटानं पातळ फासत. लाकूड नळीखाली बसवत, खीळ ठोकत, लगेच पुन्हा काढत. लाकडाच्या खोबणीत जिथे काळा डाग उमटे तिथे ते नळीला टेकत होतं, असा त्याचा अर्थ. तो डाग ते काचेच्या तुकड्यानं खरवडत. खरवड इतकी बारीक निघे की फुंकर मारली तर दिसेनाशी होई. मग पुन्हा काजळ, पुन्हा खीळ. शेवटी नळी आणि लाकूड यांच्या फटीत पतंगाचा कागद घालून पुढून मागे ओढत. कागद मुळापर्यंत बिनअडथळा गेला की त्यांच्या चेहऱ्यावर जेवल्यासारखं समाधान दिसे.

"गोळी सुटताना नळी थरथरते, मास्तर," ते मला सांगत. "दर वेळी सारखीच थरथरते. तिला थरथरू द्यायचं. लाकडानं फक्त मुळाशी आधार द्यायचा आणि पुढं मोकळं सोडायचं. मधेच कुठं धरलं की ती रुसते. मग गोळी भलतीकडं."

"पण कुठं टेकलंय ते समजायचं कसं?"

"काजळाला विचारायचं. काजळ खोटं बोलत नाही."

त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणत असे. त्या आतून म्हणत, "घरात धरलेलं काजळ सगळं बंदुकीला जातं. माझे डोळे चाळीस वर्षं कोरडेच."

पावसाळ्यात हे काम दुप्पट होई. हवा दमट झाली की लाकूड फुगे, उन्हाळ्यात मोकळी केलेली फट बुजून जाई, आणि साहेब चातुर्मासाचं व्रत असल्यासारखे पुन्हा घासायला बसत. मधून मधून पोलिसांना कळवून कुंडलिका नदीच्या काठावर जात. एका दरडीला खापरी टेकवून दोन-तीन बार काढत. खापरी फुटली तरी खूश नसत, कारण ती मधोमध फुटलेली नसे. त्यांनी जिवंत काही मारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. एकदा विचारलं, "साहेब, शिकार केलीत का हो कधी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी व्याकरण शिकवायच्या तासाला कुस्तीचं काही विचारलंय. "शिकारीचा काय संबंध?" ते म्हणाले.

मी मूळचा भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. आईवडील लवकर गेले. थोरल्या भावानं, दादानं, कापूस पिकवून मला हैदराबादेला ठेवलं आणि बी. ए. केलं. मी शिकत होतो तोवर त्यानं स्वतःचं लग्नही लांबवलं होतं. माझी नोकरी लागली त्याच्या पुढच्या वैशाखात ते झालं. हे सांगायचं कारण, पुढं जे घडलं ते त्याच्या घरात घडलं. त्यातलं आता कुणी हयात नाही, म्हणून लिहितो आहे.

त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी दादा जालन्याला आला. ओसरीवर टेकला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "गावात बिबट्या आलाय."

"कधीपासून?"

"श्रावणापासून. दोन शेळ्या, एक वासरू गेलं. परवा पाटलाच्या गड्याला पंजा मारला. कापूस फुटून वावर पांढरं पडलंय अन् एक बाई येचायला जायला तयार न्हाई."

"तालुक्याला अर्ज दिला का?"

"दिला ना. बिबट्या तो वाचून निघून जाईल म्हणून वाट बघून राह्यलो."

तो हसला, पण ते हसणं टिकलं नाही. मग खालच्या आवाजात म्हणाला, "जनावराचं एवढं न्हाई रे. लोक तुझ्या वहिनीचं नाव घेऊन राह्यले. सून वैशाखात आली अन् जनावर श्रावणात. काकी म्हणती पांढऱ्या पायाची हाय. दसरा झाला की माहेरी धाडून दे म्हणती."

काकी म्हणजे आमची चुलती. आई गेल्यावर घरात तिचाच शब्द चाले. आमच्याकडे अशी माहेरी धाडलेली बाई सहसा परत येत नसे. दादाला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं.

साहेब पलीकडे खरवडत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तिकडं हवा कशी आहे?"

दादाला प्रश्न कळला नाही. "कोरडी हाय जी. पाऊस पंधरवड्यामागंच उघडला."

"बिलकुल कोरडी?"

"ठणठणीत."

"मग लाकूड दगा देणार नाही," साहेब म्हणाले. "मी येतो."

काकू दारात आल्या. "अहो, तुम्ही आजवर उंदीर मारला नाहीत."

"उंदीर बंदुकीनं मारत नाहीत," ते म्हणाले आणि घोंगडी झटकायला लागले.

आम्ही मोटारीनं भोकरदनला आणि तिथून बैलगाडीनं धावड्याला पोचलो, तो दिवस खंडेनवमीचा होता. गाडीतल्या धक्क्यांनी खीळ सैल होईल म्हणून साहेबांनी रायफल सारा रस्ता मांडीवर, लेकरासारखी धरली होती. पोचल्याबरोबर ते म्हणाले, "आधी एक बार काढून बघतो. प्रवासानं काही हललं असेल."

पाटलानं हात जोडले. "साहेब, हितं बार काढला तं जनावर आज तोंड दावनार न्हाई. चार दिसांनी पुन्हा येईल, अन् तवा तुमी जालन्यात."

हे खरं होतं. साहेबांनी नाराजीनं मान हलवली. निदान लाकडाला इथली हवा तरी लागू द्यावी म्हणून त्यांनी आमच्या ओसरीवर रायफल उघडली. नळी आणि दस्ता एकीकडे, पुढचं लाकूड दुसरीकडे, खोबण वर करून ठेवलेलं.

शेजारीच पूजा मांडली होती. विळे, कुऱ्हाड, पांभर, सगळं धुऊन ओळीनं ठेवलेलं. आजूबाजूच्या बाया बंदूक बघायला जमल्या होत्या. काकीनं ताट उचललं. वहिनी दाराआड उभी होती. ती एक पाऊल पुढे आली, तशी काकी म्हणाली, "तू नगं येऊ म्होरं. हाय तेवढं पुरे झालं."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. दादानं मान खाली घातली.

साहेब म्हणाले, "या घरची सून कोण?"

दोघीतिघींनी दाराकडे बोट केलं.

"आमच्याकडं रिवाज आहे, हत्याराची पूजा घरच्या सुनेच्या हातानं होते. ती करणार नसेल तर माझी रायफल मी पूजेला देत नाही. आणि बिगरपूजेची रायफल मी चालवत नाही."

असा रिवाज त्यांच्याकडे नव्हता. त्यांच्या घरी खंडेनवमीला ते स्वतःच दोन फुलं टाकत आणि काकूंना हात लावू देत नसत. पण पाहुण्यानं, तेही सरकारी साहेबानं, सगळ्यांसमोर सांगितल्यावर काकीला ताट द्यावं लागलं.

वहिनी पुढे आली. बंदूक तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिली असेल. तिला तिथे दोन वस्तू दिसल्या, म्हणून तिनं दोन्हींची पूजा केली. नळीला हळदकुंकू लावलं. मग लाकडालाही लावलं, ओल्या बोटानं, खोबणीत, आणि वर चिमूटभर अक्षता वाहिल्या.

मी साहेबांकडे पाहत होतो. काचेच्या तुकड्यानं केसाएवढं लाकूड काढणाऱ्या त्या माणसाच्या गालाचा स्नायू उडाला. काकी त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी हात जोडून लाकडाला नमस्कार केला.

तेवढ्यात पाटलाचा माणूस शेळी बांधून झाल्याचं सांगत आला. दिवस कलायच्या आत मचाणावर बसायला हवं होतं. साहेबांनी लाकूड उचललं, उलटं करून दोनदा तळहातावर आपटलं. तांदूळ खाली पडले. मी फडकं पुढे केलं. ते हळूच म्हणाले, "आत्ता नको." वहिनी ताट घेऊन अजून तिथेच उभी होती. तिचं पहिलं कुंकू तिच्यादेखत पुसून टाकणं त्यांना जमलं नसावं. त्यांनी लाकूड तसंच बसवलं आणि खीळ ठोकली.

नाल्याच्या काठी लिंबाच्या झाडावर मचाण होतं. साहेब, दादा आणि मी वर बसलो. ऊन पिवळं झालं होतं. साहेबांनी खिशातून पतंगाचा कागद काढला, आणि तो फटीत सारणार एवढ्यात खालची शेळी ओरडायची थांबली. बिबट्या नाल्यातून वर आला होता. मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होता, आणि घरच्या अंगणात यावा तसा आला. साहेबांनी कागदाकडे पाहिलं. मग दादाकडे पाहिलं. कागद परत खिशात ठेवला आणि रायफल खांद्याला लावली.

बार झाला. बिबट्या हवेत उडाला आणि नाल्यात नाहीसा झाला.

"लागली," दादा म्हणाला.

"सांगता येत नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "आज खाली कुणी उतरून शोधायचं नाही. उद्या उजाडल्यावर मी पुढं जाईन. जखमी असेल तर माझ्या पुढं एकानंही जायचं नाही, मास्तर. तुमच्या भावानंही नाही."

सकाळी ते खरोखरच पुढे चालले. साठी ओलांडलेला माणूस, धोतर खोचलेलं, एक काडतूस नळीत. मागे कुऱ्हाड घेऊन दादा, आणि त्याच्या मागे मी. दर झुडपापाशी ते थांबत, आम्हाला हातानं मागे सारत. रक्ताचा थेंब कुठे नव्हता. शेवटी नाल्याच्या पलीकडच्या बांधात गोळी घुसलेली सापडली. मचाणापासून बिबट्या उभा होता त्या जागेवरून सरळ रेघ धरली तर चांगली वीतभर उजवीकडे.

दादा पावलांचे ठसे बघत पुढे गेला. साहेब बांधावर बसले, नळीतलं काडतूस काढलं, खीळ काढली आणि लाकूड वेगळं केलं. खोबणीत, पुढच्या टोकाजवळ, एक तांदूळ चिकटलेला होता. ओल्या कुंकवानं चिकटलेला, नळीच्या दाबानं चपटा झालेला, लाल. त्यांनी तो नखानं काढून तळहातावर घेतला.

"साहेब," मी म्हणालो, "हा तर वहिनीनं..."

"काल हवा दमट होती, मास्तर."

"कोरडी होती, साहेब."

"दमट होती. लाकूड फुगलं." एवढं म्हणून त्यांनी तो दाणा तोंडात टाकला आणि चावून गिळला.

चावडीवर सगळं गाव जमलं होतं. पाटलानं विचारलं, "काय झालं साहेब?"

"चुकली. लाकूड फुगलं होतं."

"आमच्या वावरात भेगा पडून राह्यल्या," मागून कुणीतरी म्हणालं, "अन् साहेबाचं लाकूड तेवढं फुगलं."

लोक हसले. काकी हसली नाही. ती पदर सावरत म्हणाली, "म्या आधीच म्हणलं व्हतं. हिचा हात लागला की..."

साहेबांनी तिला पुरं बोलू दिलं नाही. "बाई, हातानं पूजा होते. नेम डोळ्यानं आणि लाकडानं लागतो. डोळे माझे, लाकूड माझं. दोन्ही म्हातारे झालेत. आमच्या जालन्यात विचारा, माझ्या गोळीला खापरीसुद्धा भीत नाही."

आता मात्र सगळा जमाव हसला. पाटील हसला, पोरं हसली, शेवटी काकीही तोंडाला पदर लावून हसली. "आन् म्हनं जलमभर घासून राह्यला," ती शेजारणीला म्हणाली. गावाला हसायला एक माणूस मिळाला होता. त्या हसण्यात वहिनीचं नाव मागे पडलं.

बिबट्या पुन्हा आला नाही. बाराच्या आवाजानं बिचकून अजिंठ्याच्या डोंगरात गेला असावा. त्याच आठवड्यात वेचणी सुरू झाली, आणि वहिनी ओटी खोचून सगळ्यांच्या पुढे वावरात गेली. पुढे ती जन्मभर सांगत असे, की खंडेनवमीला मी बंदुकीची पूजा केली म्हणून जनावर गेलं. काकीनंही पुढं पुढं तेच सांगायला सुरुवात केली.

धावड्याची ही गोष्ट कापसाच्या गाड्यांबरोबर जालन्याच्या मोंढ्यात आली. साहेब परतल्यावर महिन्याच्या आत 'लाकूड फुगलं' ही गावात म्हण झाली. शिंप्यानं बाह्या आखूड केल्या की गिऱ्हाईक विचारी, "काय रे, लाकूड फुगलं का?" माझ्या वर्गात गणित चुकलं की मागच्या बाकावरून हळूच तेच ऐकू येई. मी चिडून एका पोराला उभं केलं. घरी आल्यावर साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बसवा त्याला. पोरानं हसू नये तर काय करावं?"

मला ते सोसवत नव्हतं. या माणसानं आयुष्य घालवलं ते एका गोष्टीत, आणि त्याच गोष्टीवरून गाव त्याला हसत होतं. एकदा मी म्हणालो, "निदान काकूंना तरी खरं सांगू का? गावाला नको."

ते लाकूड घासत होते. थांबले.

"काकूंना सांगाल. काकू त्यांच्या बहिणीला सांगतील. बहिणीचं सासर भोकरदनचं." मग काचेचा तुकडा उजेडात धरून म्हणाले, "मास्तर, तुम्ही मधेच टेकता आहात. मोकळं सोडा."

एक बदल मात्र झाला. त्यानंतर दर खंडेनवमीला ते लाकूड वेगळं काढून काकूंना पूजा करायला बोलावत. धावड्यात सांगितलेला रिवाज त्यांनी असा मागाहून खरा केला. पूजा झाली की सगळ्यांदेखत फडक्यानं खोबण पुसत. काकू कुरकुरत, "देवीचं कुंकू पुसू नये." ते म्हणत, "देवी समजूतदार आहे."

पुढे रझाकारांच्या गडबडीचं साल आलं आणि सगळ्यांना हत्यारं कचेरीत जमा करायचा हुकूम निघाला. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. कारकुनानं रायफल घेतली आणि भिंतीला तिरपी टेकवली. साहेबांनी ती उचलून दस्त्यावर सरळ उभी केली. "अशी ठेवा. तिरपी ठेवली तर लाकूड वाकतं."

कारकून जालन्याचाच होता. तो हसत म्हणाला, "फुगतं ना, साहेब?"

"फुगतंही," साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून पतंगाचा कागद काढला, फटीत घालून मुळापर्यंत ओढला, आणि घडी करून ठेवून दिला. रायफल त्यांना परत मिळाली नाही. तिच्यानंतर ते घरातली दारं घासत. दोन वर्षांनी गेले.

दहाव्याला दादा आणि वहिनी धावड्याहून आले. वहिनीची दोन लेकरं आता मोठी झाली होती. काकूंजवळ बसून वहिनी बराच वेळ रडली. मग बाहेर ओसरीवर आली. साहेबांची घोंगडी अजून तिथेच, घडी करून ठेवलेली होती.

"लई देवमाणूस व्हता, भाऊजी," ती म्हणाली. "त्या दिशी सगळ्या बायांम्होरं मला पूजेला बोलावलं. सख्खा बाप असता तं तेनंबी केलं नसतं." तिनं डोळे पुसले. मग वाईट वाटून, पण खरं ते बोलायलाच हवं अशा सुरात म्हणाली, "नेम तेवढा न्हवता बिचाऱ्याला."

मी घोंगडीकडे पाहिलं.

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "हवा दमट होती. लाकूड फुगलं होतं."